ळ, य आणि फिरता शिक्षक

अपंग मुलाने सर्वसाधारण शाळेतच शिकावे, असे धरून केंद्र सरकारने १९७४ साली एकात्म शिक्षण योजना आणली. शाळाशाळांतून फिरणारा विशेष शिक्षक पुढे याच विचारातून आला. तापी आणि सातपुडा यांच्यामधल्या, खानदेशातल्या चोपडा तालुक्याला तर दुसरा मार्गही नव्हता; डोंगराकडच्या पाड्यावरचे मूल रोज शहरातल्या विशेष शाळेत येणार कसे? पण फिरत्या शिक्षकाच्या यादीत काही मुलांना जागाच नव्हती. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. अंधत्व, कर्णबधिरता, मतिमंदत्व होते. स्वमग्नता नव्हती, अध्ययन अक्षमताही नव्हती. श्रवणयंत्र देता येते, त्याची नोंद होते. अक्षरांची अदलाबदल करणाऱ्या मुलाला देण्याजोगी वस्तूच नव्हती, म्हणून ते 'ढ' ठरत राहिले. २०१६च्या कायद्याने प्रकार २१ केले, तेव्हा कुठे कायद्यात त्याच्या अडचणीचे नाव आले.

नाव आले तरी पारख उरतेच, आणि खानदेशात या फिरत्या तज्ज्ञाचे सगळ्यांत मोलाचे काम तेच आहे, असे मला वाटते. इथल्या बोलीत ळचा य होतो. 'डोळा' हा शब्द 'डोया' असा लिहिणारे मूल घरी ऐकले तेच लिहिते, त्यात काही बिघडलेले नाही. पण तिसरीतही ते 'कमळ'चे 'मकळ' वाचत असेल, फळ्यावरचा तोच शब्द दर वेळी निराळा उतरवत असेल, तर थांबून पाहायला हवे. वहीत दोन्ही चुकांखाली लाल रेघ मात्र सारखीच पडते. पाड्यावरच्या पावरी बोली बोलणाऱ्या मुलाला तर शाळेची मराठीच नवी. बोली न जाणणारा तज्ज्ञ भाषेलाच अक्षमता ठरवील. उलट 'बोलीमुळे असेल' म्हणून सोडून दिले, तर खरी अडचण वर्षानुवर्षे झाकली जाईल.

कधीतरी येणाऱ्या माणसाने काय साधणार, हा आक्षेप रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ साली प्राथमिक स्तरावर १० अपंग मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवले. राज्याने २०२४ मध्ये केंद्र पातळीवर, म्हणजे शाळांच्या समूहामागे, विशेष शिक्षकांची ४,८६० पदे मंजूर केली. म्हणजे एका शिक्षकाच्या वाट्याला अजूनही केंद्रातल्या साऱ्या शाळा. वर्गशिक्षकावर निवडणुका आणि जनगणनेचा बोजा आहे, हेही खरे. म्हणूनच तज्ज्ञाने मुलाला व्हरांड्यात नेऊन तासभर शिकवण्यापेक्षा तो तास वर्गशिक्षकासोबत घालवावा: उत्तर तोंडी कसे घ्यायचे, ओळीखाली पट्टी कशी धरायला लावायची, घाई कुठे करायची नाही. पुढच्या भेटीपर्यंत काय करून पाहायचे ते दोन ओळींत लिहून ठेवले, की पुढची भेट तिथूनच सुरू होते.