प्रभूच्या मेजावर कोण कुठला?



सीमाभागातल्या आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना एक प्रश्न कायम विचारला जातो, "तुम्ही मूळचे कुठले?" आजी-आजोबांची थडगी इथल्याच कबरस्थानात आहेत, तरी प्रश्न सुटत नाही. म्हणून या प्रायश्चित्तकाळात आम्ही एका दूरच्या देशाचा इतिहास वाचायला घेतला. तो देश दक्षिण आफ्रिका.

गोष्ट 1857 ची. केपमधल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या काही गोऱ्या सभासदांना इतर वर्णाच्या ख्रिस्ती लोकांबरोबर एका मेजावर प्रभुभोजन घेणे जड जात होते. सिनॉडने ठरवले की सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच शास्त्राला धरून आहे. पण काहींच्या दुर्बलतेमुळे अडचण येत असेल, तर वेगळी उपासना चालेल. कोणी द्वेषाची भाषा केली नाही. फक्त सोय पाहिली.

सोयीची पुढे रीत झाली. 1881 मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळे मिशन चर्च निघाले. 1948 मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली. तिचे पंतप्रधान मलान हे याच डच रिफॉर्म्ड चर्चचे माजी पाळक. 1950 च्या कायद्याने प्रत्येक माणसाचा वंश सरकारी नोंदवहीत लिहिला गेला, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कोणी कुठे राहायचे हे वंशावर ठरू लागले. आपल्या कॅथलिक चर्चनेही मान वर करून बोलू नये. तिथे गोऱ्यांची आणि काळ्यांची सेमिनरी दीर्घकाळ वेगवेगळी होती.

केपटाउनची डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती 1966 मध्ये 'गोऱ्यांची' ठरली. साठ हजारांहून अधिक माणसे तिथून हलवली गेली आणि घरे पाडली गेली. काही चर्च मात्र उभी राहिली. लांबच्या वस्त्यांत टाकलेली माणसे रविवारी परत आपल्या जुन्या चर्चमध्ये येत राहिली. सरकारने त्यांना हाकलले होते, पण वेदी त्यांचीच होती. तिथल्याच एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये 1994 साली संग्रहालय झाले. तिथे जमिनीवर त्या वस्तीचा मोठा नकाशा आहे, आणि जुन्या रहिवाशांनी त्यावर आपापल्या घराच्या जागी नावे लिहिली आहेत.

चर्चने लावलेली गाठ सोडवायलाही चर्चमधलेच लोक पुढे आले. त्याच मिशन चर्चने 1982 मध्ये बेल्हार येथे एक विश्वासकबुली मांडली आणि 1986 मध्ये ती स्वीकारली. ख्रिस्ताने समेट केलेल्या माणसांना वंशावरून वेगळे करणारी शिकवण सुवार्तेच्या विरुद्ध आहे, असा तिचा गाभा. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी आपल्या लोकांना इंद्रधनुष्याची उपमा दिली. इंद्रधनुष्यात रंग एकमेकांत मिसळून नाहीसे होत नाहीत, तरी ते एकच असते.

देश त्यात राहणाऱ्या सर्वांचा आहे, हे 1955 मध्ये क्लिपटाउनच्या सभेत जाहीर झाले होते. तेच पुढे 1996 च्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात आले. 27 एप्रिल 1994 रोजी सर्व वर्णांच्या लोकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. आजचे राष्ट्रगीत पाच भाषांत गायले जाते. त्याचा पहिला भाग हे 1897 मध्ये मिशन शाळेतील शिक्षक इनॉक सोंटोंगा यांनी रचलेले प्रार्थनागीत आहे. तिथली गरिबी आणि विषमता अजून संपलेली नाही; पण 'तू इथला नाहीस' असे आता कायदा कोणाला म्हणत नाही.

हे वाचताना आम्हाला आमचीच एक बैठक आठवली. सणाची मिस्सा कोणत्या भाषेत करायची यावरून कुरबुर झाली आणि कोणीतरी म्हणाले, "वेगवेगळेच करू या, सोयीचे पडेल." आम्हीही मान डोलावली होती.

आपल्या भाषेत प्रार्थना करणे ही गरज आहे, पाप नव्हे. रविवारची मराठी मिस्सा आम्हाला हवीच. पण सणाच्या दिवशी कन्नड, कोंकणी, मराठी कुटुंबे एका वेदीपाशी येणार नसतील, तर ती सोय नाही, 1857 चीच दुर्बलता आहे. आणि आपल्याच चर्चमध्ये दुसऱ्याची जात पाहून आपण बाकावर थोडे सरकून बसत असू, तर "आम्हाला परके समजू नका" असे जगाला कोणत्या तोंडाने सांगायचे?

या आठवड्यात गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय घरी एकत्र वाचू या. आणि रविवारी बाकावर शेजारी बसलेल्याला त्याचे मूळ न विचारता त्याचे नाव विचारू या.

हे प्रभू, तुझ्या मेजाभोवती आम्ही घातलेली कुंपणे तूच काढून टाक. आमेन.