ट्रेलर-कर्षण, हायब्रिड पिकअपचे

तेलाचे इंजिन आणि विजेची मोटर ही दोन्ही मिळून ज्या पिकअपच्या चाकांना जोर देतात, तिच्यामागे जड ट्रेलर जोडून तो ओढून नेण्याची क्रिया. अमेरिकेत हा प्रकार रूढ असून तेथील फोर्ड एफ-१५० पॉवरबूस्ट ही २०२१ सालची हायब्रिड पिकअप, योग्य सरंजाम असल्यास, सुमारे ५,७०० किलोग्रॅमपर्यंतचा ट्रेलर ओढू शकते. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या मोटारनिर्मितीवर पोसलेल्या मुलखात मात्र पिकअप म्हणजे हौद्यात माल भरावयाची गाडी. टेल्कोच्या पुणे कारखान्यातून १९८८ मध्ये बाहेर पडलेली टाटामोबाइलही त्याच कामासाठी घडविलेली होती. जड ट्रेलर येथे ओढतो तो चालकवर्ग ज्याला ‘घोडा’ म्हणतो तो ट्रक. तथापि हायब्रिड कर्षणाच्या गुणदोषांची पारख करावयाची तर या मुलखाइतकी योग्य भूमी क्वचितच आढळेल. कारण तळेगाव चौकातून आणि उर्से टोलनाक्यावरून न्हावा-शेवा बंदराकडे निघालेल्या ट्रेलरला वाटेत बोरघाट उतरावा लागतो आणि परतताना तोच चढावा लागतो.

मोटरचा खरा गुण हा की, चाक स्थिर असतानाही ती आपला पूर्ण पीळ देऊ शकते. इंजिनाला त्यासाठी काही फेऱ्यांची गती आधी घ्यावी लागते. म्हणून चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलविताना, क्लच न जाळता मिळणारे हे साहाय्य अमोल ठरते. परंतु लांब चढावर त्याची मर्यादा लवकर येते. वर उल्लेखिलेल्या पिकअपची मोटर ३५ किलोवॅटची आणि बॅटरी केवळ दीड युनिटाची असल्यामुळे मोटर पूर्ण जोराने चालविल्यास बॅटरी अडीच मिनिटांत रिती होते, आणि ताशी ४० किलोमीटर वेगाने तेवढ्या वेळात पावणेदोन किलोमीटरही चढून होत नाहीत. उरलेला सारा घाट इंजिनालाच ओढावा लागतो.

उताराचा विचार याहून महत्त्वाचा आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते जड कर्षणाची चर्चा नेहमी उतारापासूनच सुरू व्हावयास हवी. घाटमाथ्यावरील लोणावळा व पायथ्याची खोपोली यांच्या उंचीत सुमारे साडेपाचशे मीटरांचे अंतर आहे. पिकअप व ट्रेलर मिळून आठ टन वजन एवढे खाली येते तेव्हा सुमारे १२ युनिट ऊर्जा मोकळी होते. चाळीस टनी ट्रेलर उतरतो तेव्हा सुमारे ६० युनिट. उतारावर मोटर जनित्रासारखी चालून गाडीला रोधते आणि त्यातून निघणारी वीज बॅटरीत भरते; पण घर्षण आणि वारा यांचा वाटा वजा केला तरी दीड युनिटाची बॅटरी घाटाच्या आरंभीच भरून जाते, आणि त्यानंतर मोटरीचा रोध उपयोगी पडत नाही. खालचा गिअर, इंजिनाचा रोध आणि चाकांचे ब्रेक हाच आधार उरतो. डिझेल वाचविण्याच्या लोभाने गाडी न्यूट्रल करून उतार काटण्याची जी वहिवाट काही चालकांत पडली आहे, ती या आधारांपैकी पहिले दोन आपण होऊन टाकून देते, आणि सगळा भार ज्यांच्यावर पडतो ते ब्रेक तापून निकामी होतात. जुलै २०२५ मध्ये खोपोलीजवळ ब्रेक निकामी झालेल्या एका कंटेनर ट्रेलरने सुमारे वीस वाहनांना धडक दिली, त्यात एक जीव गेला; घाटातील रोधाचा प्रश्न किती निकडीचा आहे हे सांगण्यास एवढे एक उदाहरण पुरे व्हावे.

याच घाटातून १८६३ पासून धावणाऱ्या रेल्वेने हे कोडे निराळ्या रीतीने सोडविले आहे. तेथे ३७ मीटरांस एक मीटर असा चढ असल्यामुळे कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात, आणि उतरताना आधुनिक विद्युत इंजिने निर्माण होणारी वीज माथ्यावरील तारेत परत सोडतात. रस्त्यावरील वाहनाला अशी तार नसल्याने परतलेली वीज ठेवण्यास स्वतःच्याच पोटात जागा बाळगावी लागते. सबब हायब्रिडची घाटातील योग्यता मोटरीच्या जोरापेक्षा बॅटरीच्या आकारावरून ठरते.

जोडणीविषयी थोडे. पिकअपच्या मागील हुकावर ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार यावा लागतो. तो कमी पडल्यास ट्रेलर डोलू लागतो. घोड्यावर ट्रेलरचा पुढचा भाग किंगपिनने थेट टेकत असल्याने तेथे भाराचे प्रमाण पुष्कळ अधिक असते. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा जोडवाहनांच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ टनांवर नेली, तेव्हा उतारावर आवरावयाचे वजनही त्याच प्रमाणात वाढले.

चाकणच्या कारखानदारीने अलीकडे हायब्रिडचा टप्पा ओलांडून पुढचा मार्ग धरलेला दिसतो. ब्लू एनर्जी मोटर्सने २०२२ मध्ये येथून द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारा ट्रक आणला आणि २०२५ मध्ये बॅटरी बदलून घेता येईल असा जड विद्युत ट्रक मुंबई-पुणे मार्गासाठी पुढे केला. मोठी बॅटरी असलेल्या अशा घोड्याला बोरघाट अनुकूल ठरतो. चाकणहून लोणावळ्यापर्यंत पोहोचताना बॅटरीत बरीच जागा रिकामी झालेली असते, आणि निर्यातीचा माल घेऊन तो उतरतो तेव्हा परतलेली वीज तेथे सामावू शकते. मात्र लोणावळ्यासारख्या घाटमाथ्यावरच बॅटरी काठोकाठ भरून घेतली, तर हा सारा लाभ बुडतो आणि उतारावर पुन्हा चाकांच्या ब्रेकांवरच विसंबावे लागते. म्हणून बॅटरी बदलण्याची ठाणी कोठे असावीत याची तजवीज करताना घाटाची उंची अवश्य हिशेबात धरावी.