फिर्याद कोणी करावी?

इ. स. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी मरण पावली. तिला कोणताही रोग झाला नव्हता. वयाने तिच्या तिप्पट असलेल्या पतीने केलेल्या बळजबरीत तिला जी इजा झाली, तिच्यामुळे रक्तस्राव होऊन तिचा अंत झाला. ही घटना तिच्या माहेरी घडली. तिची आई, आजी व मावशी यांनी न्यायालयात साक्षी दिल्या. परंतु १८६० च्या दंडसंहितेने पत्नीच्या संमतीची वयोमर्यादा दहा वर्षे ठरविलेली होती. ती मर्यादा मुलीने ओलांडली होती, म्हणून बलात्काराचा आरोप टिकू शकला नाही. बेपर्वाईने जबर दुखापत केल्याबद्दल पतीला एक वर्षाची सक्तमजुरी झाली आणि खटला संपला.

खटला संपला, पण प्रश्न उरला. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासूनच बालविवाहाविरुद्ध लेखणी चालविली होती. आता त्यांच्या म्हणण्याला एका मृत बालिकेची साक्ष मिळाली. ९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी संमतिवयाचे विधेयक मांडले आणि १९ मार्च रोजी त्याचा कायदा झाला. मर्यादा दहावरून बारावर गेली.

या दोन वर्षांच्या वाढीसाठी महाराष्ट्रात केवढे रण माजले! डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी शास्त्राधार दाखवून विधेयकाचे समर्थन केले. न्यायमूर्ती तेलंग व आगरकर हेही त्याच बाजूला होते. लोकमान्य टिळकांचा विरोध कडवा होता. परक्या सरकारने समाजाच्या धर्मव्यवहारात हात घालू नये, सुधारकांनी हवे तर आपल्यापुरते निर्बंध स्वतःवर घालून घ्यावेत, असा त्यांचा पक्ष होता. वादाच्या केंद्रस्थानी शास्त्र होते, सरकार होते, समाजाची स्वायत्तता होती. जिच्या देहाविषयी हा वाद चालला होता, ती मुलगी मात्र त्यात बोलत नव्हती.

बोललेली एक होती. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. पतीने १८८४ साली मुंबईत दावा लावला. १८८७ साली न्यायालयाने निकाल दिला की, नांदावयास जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. त्यांनी कैदेची तयारी दाखविली. पुढे १८८८ साली तडजोड झाली. रखमाबाई विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या व सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. परंतु त्या बोलल्या त्या वयात आल्यावर. दहा वर्षांच्या मुलीने कोणाच्या बळावर बोलावे?

नेमकी हीच उणीव पुढच्या कायद्यांतही राहिली. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १९०४ साली बालविवाहास प्रतिबंध केला. ब्रिटिश हिंदुस्थानात मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२८-२९ साली देशभर चौकशी केली, तेव्हा संमतिवयाचा कायदा बहुसंख्य लोकांना ठाऊकच नाही, असे आढळले. १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहाचे किमान वय मुलीस चौदा व मुलास अठरा ठरविले. परंतु फिर्याद झाल्याखेरीज न्यायालयाने दखल घ्यावयाची नाही, फिर्याद वर्षाच्या आत यावयास हवी, आणि फिर्याद करणाऱ्याकडून शंभर रुपयांपर्यंतचा जामीनकतबा घेता येईल, अशी त्यात तरतूद होती. जन्मदात्यांनीच लग्न लावलेले. फिर्याद करावयाची ती शेजाऱ्याने, तीही पदरचे पैसे जोखमीत घालून! असा शेजारी क्वचितच पुढे येणार. कायदा १ एप्रिल १९३० रोजी अमलात यावयाचा होता. त्याआधीच्या महिन्यांत घाईघाईने लग्ने उरकण्याची लाट उसळली.

या अनुभवातून शहाणपण येण्यास फार काळ लागला. गोव्याने २००३ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा करून बाल न्यायालयाची व्यवस्था केली. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा देशभर अमलात आला. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही त्याचे संरक्षण आहे. त्यातील सर्वांत महत्त्वाचे कलम शिक्षेचे नव्हे, कर्तव्याचे आहे. असा अपराध घडल्याचे किंवा घडण्याचा संभव असल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. घडलेला अपराध दडवून ठेवणे हाच गुन्हा. १९२९ साली फिर्याद करणाऱ्याकडून जामीन मागितला जाई. आता गप्प बसणाऱ्याकडून जाब मागितला जातो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीबाबत पतीला असलेली सवलतही काढून घेतली. फुलमणीला नाकारलेला न्याय देण्यास एकशेसत्तावीस वर्षे लागली.

तरीही कायद्याची हाक घराच्या उंबरठ्यापर्यंतच पोचते. मूल एकाएकी अबोल होते, एखाद्या माणसाजवळ जाण्यास घाबरते, अंथरुणात दचकून उठते. ही चिन्हे पोलिसांच्या आधी आईला, आजीला, शिक्षकाला दिसतात. अशा वेळी मुलाला दरडावण्याऐवजी त्याचे शांतपणे ऐकून घेणे, त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवणे आणि घराण्याच्या अब्रूपेक्षा मुलाचा जीव मोलाचा मानणे, हेच खरे प्रतिबंधन होय. फुलमणीच्या घरातल्या बायका बोलल्या, पण ती गेल्यानंतर. मूल हयात असताना बोलणारा एक वडीलधारा प्रत्येक घरात असावा, एवढाच या इतिहासाचा बोध आहे.