इंटरस्टेट ८० : शरद ऋतूतील आरव्ही प्रवास

अमेरिकेच्या पूर्वेकडील न्यू जर्सीपासून पश्चिमेच्या सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ११ राज्यांतून जाणारा, सुमारे ४,६७० किमी. लांबीचा महामार्ग. चूल, बिछाना व शौचालय असलेली मोटार, म्हणजेच आरव्ही, घेऊन देश आडवा ओलांडणाऱ्यांचा हा सरावाचा रस्ता. सप्टेंबरअखेर गर्दी ओसरते, मुक्कामाच्या जागा सहज मिळतात आणि झाडे रंगू लागतात. महाराष्ट्रात शरद म्हणजे ‘ऑक्टोबर हीट’. या रस्त्याच्या डोंगराळ भागात मात्र त्याच महिन्यात बर्फ पडू शकतो.

येथील हवेचा अंदाज तारखेपेक्षा उंचीवरून बांधावा. नेब्रास्कातील ओमाहा समुद्रसपाटीपासून जेमतेम ३३० मी., तर वायोमिंगमधील शायेन सुमारे १,८५० मी. उंच आहे. मधला चढ इतका संथ की चालवणाऱ्याला तो कळतही नाही. दर हजार मीटरला तापमान साधारण ६.५ अंश सेल्सियसने उतरते. त्यामुळे सकाळी अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून निघालेला माणूस संध्याकाळी स्वेटर शोधतो. शायेन व लॅरमी यांच्यामधील शेर्मन शिखर (२,६३३ मी.) हा या महामार्गाचा सर्वोच्च बिंदू.

खरी कसोटी लॅरमीच्या पुढे. रॉकी पर्वतरांग येथे तुलनेने खुजी आहे. पश्चिमेचे वारे या खिंडारात घुसतात आणि शरदात वरच्या हवेतील झोतवारे बळावले की त्यांचा जोर वाढतो. जुना रस्ता उत्तरेकडून, मेडिसिन बो गावावरून वळसा घेत असे. नवा महामार्ग एल्क पर्वताच्या पायथ्याजवळून सरळ काढू नका, असे स्थानिक पशुपालकांनी बजावले होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. ३ ऑक्टोबर १९७० रोजी हा टप्पा खुला झाला आणि पहिल्याच आठवड्यात हिमवादळाने त्याला गाठले. पुढे रोनाल्ड टॅबलर यांनी आखलेली उंच लाकडी हिमरोधक कुंपणे आजही रस्त्यालगत दिसतात. ती उडता बर्फ अडवतात. वारा अडवणे त्यांच्या आवाक्यातले नाही.

आरव्हीला बर्फापेक्षा या वाऱ्याचा धोका अधिक. साडेतीन मीटर उंचीची तिची सपाट बाजू शिडासारखी वारा धरते, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. जोराच्या वाऱ्यात हलक्या व उंच वाहनांना येथे मनाई केली जाते. रस्ता पूर्ण बंद झाला, तर मोटारवाले हॉटेलांत खोल्या शोधत फिरतात. आरव्हीवाल्याचे अंथरूण सोबतच असते. त्याने गावात थांबावे, आडवाट धरण्याचा शहाणपणा करू नये. वादळे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. पश्चिमेला निघालेल्यासमोर ती लवकर येतात, पण एखादा दिवस थांबल्यास बहुतेकदा निघूनही जातात. पूर्वेला निघालेल्याच्या ती सोबतीनेच चालतात.

पूर्व भागात नोव्हेंबरमध्ये महासरोवरांच्या कोमट पाण्यावरून थंड हवा वाहते आणि काठच्या अरुंद पट्ट्यात अचानक दाट हिमवर्षाव करते. पश्चिम टोकाला सिएरा नेवाडातील डॉनर शिखर (सुमारे २,२०६ मी.) आहे, बर्फ पडला की तेथे चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात. बैलगाड्यांतून कॅलिफोर्नियाला निघालेला डॉनर काफिला याच परिसरात १८४६ च्या ऑक्टोबरअखेर लवकर आलेल्या बर्फात अडकला आणि त्यातील जवळजवळ निम्मी माणसे दगावली. त्यांच्या गाड्याही एका अर्थी आरव्हीच.

रात्री पारा शून्याखाली गेला की पाण्याच्या नळ्या फुटतात. म्हणून झोपण्यापूर्वी बाहेरचा पाइप काढून रिकामा करावा. प्रवास संपवून गाडी उभीच ठेवायची असल्यास नळ्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी द्रावण भरतात. इंजिनात वापरले जाणारे एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने येथे चालत नाही. गाडीतील हीटर प्रोपेनवर जळत असला, तरी त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो. टाकी भरलेली असूनही पहाटे कुडकुडत उठण्याचे कारण बहुधा हेच असते.