वरोऱ्याच्या कोळशाचा निकाल

जमशेदपूर आपल्या चांद्याकडे व्हायचे होते, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. १८८२ साली जमशेटजी टाटांच्या हाती फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा जो अहवाल पडला, तो चांदा जिल्ह्याविषयीच होता. लोहाऱ्यास उत्तम लोहखनिज आणि जवळच वरोऱ्यास कोळशाची खाण! सरकारच्या अटी जाचक होत्या हे खरे; पण वरोऱ्याचा कोळसा तपासला गेला, आणि तो लोखंड गाळण्याच्या कामाचा नाही असे ठरले.

कोळसा जळत नव्हता असे नव्हे. आगगाड्या त्यावर धावत. पण झोतभट्टीला कोक लागतो. कोळसा हवेवाचून हजारएक अंशांपर्यंत तापवला, की योग्य जातीचा कोळसा आधी मऊ पडतो, फुगतो आणि मग थिजून कठीण, सच्छिद्र कोक होतो. भट्टीतल्या खनिजाचा भार त्यालाच पेलावा लागतो. त्याचा चुरा झाला, तर झोत वर चढत नाही व भट्टी गुदमरते. वर्धा खोऱ्यातला कोळसा असा मऊ पडत नाही.

याची परीक्षा मोठी गमतीची आहे. एक ग्रॅम पूड झाकणाच्या मुशीत ८२० अंशांपर्यंत तापवायची आणि उरलेल्या गोळीचा आकार ठरावीक आकृत्यांशी ताडून शून्य ते नऊ गुण द्यायचे. पूड सुटीच राहिली, तर शून्य!

झरियाचा कोळसा या परीक्षेस उतरणारा. त्याच्या बळावर १९११ च्या डिसेंबरात साकचीला, म्हणजे पुढच्या जमशेदपुरास, पहिले लोखंड निघाले. पण हा साठा बेताचा, त्यात राखही फार. तेव्हा धनबादजवळ दिगवाडीह येथे १९५० साली उघडलेल्या केंद्रीय इंधन संशोधन संस्थेत (२००७ साली ती दुसऱ्या संस्थेत विलीन झाली) मिश्रणाचे प्रयोग चालले. दिवाळीत रव्याचे लाडू वळणाऱ्या गृहिणीस ही विद्या सांगायला नको. चिकट कोळसा म्हणजे पाक, कोरडा तो रवा. पाक कमी पडला तर लाडू फुटतो. फार फुगणारा कोळसा जास्त झाला तर भट्टीच्या भिंतींवर दाब येतो. मुशीतून उतरलेले मिश्रण मग लहान भट्टीत भाजायचे आणि तयार कोक पोलादी पिंपात घालून फिरवायचा. किती तुकडे शाबूत राहिले, यावर त्याची मजबुती ठरते.

या युक्तीने वरोरा तरला असता काय? मला नाही वाटत. रवा घरचा असला, तरी पाक शेकडो मैलांवरून झरियाहूनच आणावा लागता. वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली. पुढच्याच वर्षी टाटांची लोखंड-पोलाद कंपनी मुंबईत नोंदली गेली.