टाळ-मृदंग आणि प्रार्थनामंदिर

एखाद्या धर्माचा इतिहास सांगताना आपण बहुधा त्याचे सिद्धान्त सांगतो, त्याच्या गुरूंची चरित्रे सांगतो, फार तर त्याने कोणाकोणाशी वाद घातले ते सांगतो. माणसे एकत्र जमून देवापुढे काय करीत होती, काय गात होती, कोणत्या शब्दाने त्याला हाक मारीत होती, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वास्तविक धर्म माणसाच्या अंगात मुरतो तो तेथेच. गोमंतक आणि महाराष्ट्र येथील ख्रिस्ती उपासनेकडे आज मी या बाजूने पाहणार आहे.

या विषयाभोवती एक जुना संशय आहे. त्याला आरंभीच हात घातलेला बरा. ख्रिस्ती मंडळींनी ओवी, अभंग, कीर्तन ही उचलली ती लोकांना भुलविण्यासाठी, तो प्रचाराचा एक डाव होता, असे पुष्कळांना वाटते. हा संशय निराधार नाही. पण तो कितपत खरा आहे हे पाहायचे तर एक साधा प्रश्न विचारावा लागतो : हे बदल मागितले कोणी? देणाऱ्यांनी, की घेणाऱ्यांनी?

प्रथम गोव्याकडे वळू. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास उतरला आणि त्याचे पुढील बहुतेक आयुष्य साष्टीच्या मुलखात गेले. तो काळ काही गोड नव्हता. १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यात बसले होते. साष्टीतील देवळे पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांना लोकांनी ठार केले, आणि पोर्तुगिजांनी त्याचा सूड गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून, दगा देऊन उगविला. एवढे सगळे डोळ्यांआड करून ‘ख्रिस्तपुराणा’चे नुसते गोडवे गाणे मला प्रशस्त वाटत नाही.

तरीही त्या ग्रंथाच्या आरंभीचा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीबुवांना विचारतो : तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, तुमची प्रश्नोत्तरे आम्ही शिकतो, ती चांगलीच आहेत, पण त्या पुराणांसारखे दुसरे काही तुम्ही आम्हांला का देत नाही? या मागणीतली व्यथा ध्यानात घ्या. हा मनुष्य ख्रिस्ती कसा झाला, राजी की बेराजी, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. सिद्धान्त त्याच्या पदरात पडला होता. पण पुराण ऐकताना मन जसे भिजते तसे भिजविणारे त्याच्यापाशी काही उरले नव्हते. देवाविषयीची माहिती आणि देवाची जवळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने कोणत्याही पंडितापेक्षा नेमके ओळखले होते.

या मागणीला उत्तर म्हणून १६१६ साली रायतूर येथे सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण छापले गेले. लिपी रोमन, कारण देवनागरीचे ठसे तेथे नव्हते. पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा : तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. रविवारी आणि सणावारी ते चर्चमध्ये वाचले जाई. मात्र मुख्य विधी जो मिस्सा, तो लॅटिनमध्येच राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना वाट मोकळी करीपर्यंत कॅथलिक भाविकाच्या उपासनेचा गाभारा परभाषेत आणि ओसरी स्वभाषेत, अशीच स्थिती होती. त्यात १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. पुराण तरीही जगले ते हस्तलिखित नकलांतून. अशाच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे ते पुन्हा छापले. सरकारला नको असलेला ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या हाताने उतरवून ठेवणे, हे काही भुलविलेल्या माणसांचे लक्षण नव्हे.

आता गोव्यातून निघून दोन शतके पुढे, सह्याद्रीच्या अलीकडे येऊ. येथे पंथ निराळा आणि अडचणही निराळी. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईस आले आणि १८३१ मध्ये अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, त्यांनी ठाणे केले. हे प्रोटेस्टंट, त्यांची उपासना पहिल्यापासून मराठीतच होती. पण तिच्यातील गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे असत आणि ती इंग्रजी चालीवरच म्हणत. इंग्रजी चाल आघातावर चालते. मराठी पद्य ऱ्हस्वदीर्घावर किंवा अक्षरसंख्येवर चालते. त्यामुळे ऱ्हस्व अक्षरावर स्वर लांबे आणि दीर्घ अक्षर घाईने गिळावे लागे. शिवाय ते गीत म्हणायचे हातात पुस्तक घेऊन. ज्या शेतकरी बाईला अक्षर येत नाही तिने काय करावे? भजनात ही अडचण नसते. एकाने चरण म्हणायचा, बाकीच्यांनी तो उचलायचा. चारदा उचलला की तो आपला झाला.

ही उणीव पाश्चात्त्य पाद्र्यांच्या आधी एतद्देशीय ख्रिस्त्यांना जाणवली. कृष्णाजी रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी पदे रचली, ख्रिस्तचरित्राची आख्याने लावून कीर्तने केली. याच सुमारास मुंबईत उलट दिशेनेही देवघेव चालू होती. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने आठवड्याची सामुदायिक उपासना सुरू केली, आणि तिच्यात तुकोबांचे अभंग आणले. ख्रिस्ती मंडळी कीर्तनाकडे सरकत होती, न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी मंडळी बाकांवर बसून प्रार्थना करीत होती. कोणी कोणाला भुलविले?

नारायण वामन टिळकांचे चरित्र आपणांस ‘स्मृतिचित्रां’मुळे परिचित आहे, म्हणून ते सांगत नाही. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते स्वतःच सांगत. धर्मांतरानंतर त्यांना जे प्रार्थनामंदिर मिळाले त्यात शिस्त होती, उपदेश होता. पण वारकऱ्याची जवळीक नव्हती. वारकरी देवाशी भांडतो, रुसतो, त्याला आई म्हणतो. टिळकांनी ख्रिस्ताला गुरू म्हटले, माउली म्हटले. हे त्यांनी कोणाला पटवून देण्यासाठी केले नाही. त्यांना दुसऱ्या रीतीने प्रार्थनाच करता येत नव्हती. त्यांची पदे वाचली की हे कळते. ती श्रोत्यांकडे तोंड करून म्हटलेली नाहीत.

येथे मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण टिळकांच्या कौतुकात ती निसटून जाते. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजांतून आलेले होते. टाळ-मृदंग ब्राह्मण कवीला जितका सहज आपला वाटे, तितका त्यांना वाटत असेल काय? ज्या पंढरीच्या वाटेवर त्यांचे पूर्वज टाळ कुटीत गेले, तेथील देऊळ त्यांना मोकळे झाले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर. चोखोबांची समाधी आहे ती महाद्वाराबाहेर. तेव्हा प्रार्थनामंदिरात अभंगाची चाल उमटली, याचा अर्थ या माणसांपुरता काहीसा निराळा होता : गाणे जुनेच, पण आता ते उंबऱ्याच्या आतून म्हणायचे. जातिभेद ख्रिस्ती मंडळीतही रेंगाळला, हे मला ठाऊक आहे. तरी उंबरा ओलांडला गेला होता, आणि तो ओलांडल्यावर गळ्यातून निघालेला सूर कसा असेल याची कल्पना आपल्यासारख्यांनी जरा जपूनच करावी.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यासवृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, अशी त्यांची इच्छा होती. मिशनच्या चौकटीत हे बसणे कठीण होते आणि हिंदू समाजालाही ते चमत्कारिकच वाटले असणार. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईस वारले. दरबाराला दोन वर्षेही मिळाली नाहीत, आणि त्यांच्यामागे तो चालला नाही. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पुरे केले. जी बाई धर्मांतरामुळे नवऱ्यापासून वर्षानुवर्षे दूर राहिली होती, तिने. टिळकांची पदे ‘उपासना संगीता’त गेली, आणि मराठी मंडळ्यांतून ती आजही रविवारी म्हटली जातात, कित्येक ठिकाणी पुस्तक न उघडता.