चाल कुणाची?

जुन्या संगीत नाटकाची छापील प्रत चाळली की पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात राग आणि ताल दिलेला असतो, आणि बऱ्याचदा शेजारी 'चाल' असा शब्द. त्यापुढे ज्या चिजेवरून किंवा लावणीवरून ती चाल घेतली, तिचे पहिले दोन-तीन शब्द. घेतली तर घेतली, त्यात लपवायचं काय, असा रोखठोक कारभार. नाटककाराचं त्याने काही बिघडलं नाही आणि मूळ चिजेचंही नाही.

१९८३ साली अमेरिकेत निघालेल्या एका बारा इंची तबकडीवर ही एवढी एक ओळ छापायची राहिली. तबकडीचं नाव 'व्हाइट लाइन्स'. कोकेनच्या पांढऱ्या रेघांवरचं, 'घेऊ नका' असं बजावणारं आणि तरी ऐकणाऱ्याला जागेवरून उठवणारं हिपहॉप गाणं. बारा वर्षांनी डुरान डुरान या इंग्लिश पॉप बँडने ते पुन्हा गायलं. बहुतेक लोक गोष्ट या दोन टप्प्यांतच सांगतात. खरी गोष्ट एक पायरी आधी, मॅनहॅटनमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानात सुरू होते.

ग्रेनिच व्हिलेजमधल्या ९९, मॅकडूगल स्ट्रीट या पत्त्यावर एड बाह्लमन रेकॉर्डी विकायचा. पत्त्यावरूनच त्याने आपल्या लेबलचं नाव ठेवलं, ९९ रेकॉर्ड्स. ईएसजी हा ब्रॉन्क्समधल्या बहिणींचा बँड त्याच्याकडे होता, आणि लिक्विड लिक्विड नावाचे चौघे. सॅल प्रिन्सिपाटो गायचा, स्कॉट हार्टली ड्रम वाजवायचा, डेनिस यंग मरिम्बा, आणि रिचर्ड मॅग्वायर बेस. पंक ऐकून मोठी झालेली गोरी मुलं, पण ताल आफ्रिकेकडून आणि कॅरिबियनकडून आलेला. १९८३ मधल्या त्यांच्या 'ऑप्टिमो' या छोट्या तबकडीवर 'कॅव्हर्न' नावाचं एक गाणं आहे.

'कॅव्हर्न'मध्ये सगळा भार मॅग्वायरच्या बेसवर. मोजके स्वर, मग श्वास घ्यायला जागा, मग पुन्हा तेच स्वर. बाकीचे तिघे त्या मोकळ्या जागांभोवती वावरतात, जागा भरून टाकत नाहीत. लावणीत ढोलकीवाला मधेच हात उचलतो तेव्हा जी ओढ लागते, तशी ओढ या बेसच्या गप्प राहण्यात आहे. न्यूयॉर्कच्या क्लबांत हे गाणं वाजायला लागलं, आणि क्लबमध्ये वाजलेलं नदीपलीकडे न्यू जर्सीत ऐकू जायला वेळ लागत नव्हता.

न्यू जर्सीतल्या एंगलवूडमध्ये शुगर हिल रेकॉर्ड्सचं बस्तान होतं. मालकीण सिल्व्हिया रॉबिन्सन स्वतः गायिका. १९५७ मध्ये 'मिकी अँड सिल्व्हिया' या जोडीने गाजलेली आणि १९७३ मध्ये एकटीने गाजलेली. बाईंचा कान तयार. १९७९ मध्ये तिने 'रॅपर्स डिलाइट' काढलं, जे खाली शिक या बँडच्या 'गुड टाइम्स'वर उभं होतं. शिकच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी हरकत घेतली आणि गीतकार म्हणून त्यांची नावं लागली. म्हणजे दुसऱ्याची चाल उचलली की नाव द्यावं लागतं, हा धडा कंपनीने पहिल्याच मोठ्या गाण्यात गिरवला होता. पुढे चार वर्षांत तो कसा विसरला गेला, याचं उत्तर मला एकच दिसतं. शिक हा मोठा, नामांकित बँड होता; लिक्विड लिक्विड म्हणजे एका दुकानाच्या लेबलवरची चार पोरं.

तेव्हा तबकडीचा तुकडा कापून नव्या गाण्यात चिकटवणारी यंत्रं स्टुडिओत रुळायची होती. शुगर हिलकडे त्यासाठी घरचे वादक होते: बेसवर डग विम्बिश, गिटारवर स्किप मॅकडॉनल्ड, ड्रमवर कीथ लब्लाँ. रॅपरच्या मागे जे वाजतं ते 'रेकॉर्डवरून घेतलं' असं आपण आज सहज म्हणतो, पण त्या काळात बऱ्याचदा ते चक्क माणसांनी पुन्हा वाजवलेलं असे. विम्बिशने 'कॅव्हर्न'चा बेस वाजवला, आणि मूळ वादकापेक्षा भरदार वाजवला हेही मान्य करायला हवं. त्यावर खालून वर चढत जाणारे जुन्या रॉक अँड रोलच्या ढंगाचे 'आ' रचले गेले आणि पुढे आला मेली मेल, म्हणजे ब्रॉन्क्सचा मेल्विन ग्लोव्हर. 'द मेसेज' या गाण्यातून गरीब वस्तीचं चित्र उभं करणारा आवाज. गीतकार म्हणून नावं छापली गेली ती रॉबिन्सन आणि ग्लोव्हर यांची.

गाण्याचा राग नुसता नशेवर नाही. रस्त्यावरचा पोरगा पकडला की वर्षानुवर्षं आत जातो आणि पैसेवाला जामिनावर बाहेर फिरतो, ही त्यातली खरी बोच. त्या काळच्या ऐकणाऱ्याला तो पैसेवाला कोण हे सांगावं लागत नव्हतं. मोटार कारखानदार जॉन डीलोरियनला ऑक्टोबर १९८२ मध्ये कोकेनच्या प्रकरणात अटक झाली होती. ऑगस्ट १९८४ मध्ये तो निर्दोष सुटलासुद्धा. सरकारी माणसांनीच त्याला जाळ्यात ओढलं, हा बचाव चालला.

लेबलवर आणखी एक गफलत होती. कलाकाराचं नाव छापलं होतं 'ग्रँडमास्टर अँड मेली मेल'. ऐकणाऱ्याने साहजिकच धरलं की मेली मेलच्या गटाचा डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश यात आहे. फ्लॅश तेव्हा रॉयल्टीवरून कंपनीला कोर्टात खेचून बाहेर पडला होता आणि या गाण्यात त्याचा हातही नव्हता. थोडक्यात, ज्याने काही केलं नाही त्याचा भास लेबलवर होता, आणि ज्याच्या बेसवर इमला उभा राहिला त्याचा पत्ता नव्हता.

अमेरिकेत गाणं मुख्य टॉप १०० यादीच्या दारात, १०१ व्या क्रमांकावर अडकलं. इंग्लंडमध्ये मात्र १९८४ मध्ये सातव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि कित्येक महिने यादीतून हललं नाही. चित्रपट दिग्दर्शक स्पाइक लीने, तेव्हा तो नवखाच होता, लॉरेन्स फिशबर्नला घेऊन त्याचा एक व्हिडिओ केला. तो अधिकृत व्हिडिओ कधीच झाला नाही.

बाह्लमन कोर्टात गेला. निकाल त्याच्या बाजूने लागला, पण पैसे हाती पडण्याआधी शुगर हिलने दिवाळखोरी पुढे केली. तोवर बाह्लमनचंही मन उडालं होतं. ९९ रेकॉर्ड्स बंद झालं, लिक्विड लिक्विड पांगले. न्यूयॉर्कच्या त्या काळातलं सगळ्यात मोकळं, सगळ्यात कल्पक लेबल असं विझलं, आणि माझ्या लेखी या प्रकरणातलं खरं नुकसान हेच आहे.

आता डुरान डुरान. बर्मिंगहॅमचे हे लोक १९८४ मध्ये त्याच इंग्लिश यादीत 'द रिफ्लेक्स' घेऊन पहिल्या क्रमांकावर होते, आणि 'द रिफ्लेक्स'चं ते रूप घडवलं होतं नाइल रॉजर्सने. होय, 'गुड टाइम्स'वाला. डुरान डुरानचा बेसवादक जॉन टेलर हा बर्नार्ड एडवर्ड्सचा निस्सीम भक्त. गोरगोमट्या चेहऱ्यांचा पोस्टरवाला बँड म्हणून त्यांची टिंगल करणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं, पण बेस ऐकून नाचणाऱ्यांच्या घराण्यातलेच ते होते. 'व्हाइट लाइन्स' त्यांनी उचललं यात नवल नाही.

१९९५ मध्ये 'थँक यू' नावाचा त्यांचा अल्बम आला, जवळजवळ सगळी गाणी दुसऱ्यांची. लू रीड, बॉब डिलन, पब्लिक एनिमी आणि हे. समीक्षकांनी धुऊन काढलं. २००६ मध्ये 'क्यू' या इंग्लिश मासिकाने आजवरच्या सर्वांत वाईट अल्बमांच्या यादीत त्याला अव्वल स्थान दिलं. इतकं काही ते वाईट नाही. 'व्हाइट लाइन्स' इंग्लंडमध्ये १७ व्या क्रमांकावर गेलं आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्या मैफिलींत वाजत राहिलं. तक्रार असलीच तर ती गिटारची. मूळ बेसने जिथे श्वास घेतला होता, तिथे वॉरन कुकुरुलोची गिटार येऊन बसते. मोकळी जागा संपली की ते गाणं जड होतं. तरी त्यांची एक गोष्ट मला आवडते: मेली मेल, ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्यांचा गट फ्युरियस फाइव्ह यांना त्यांनी ध्वनिमुद्रणात बोलावून घेतलं. त्यामुळे जो फ्लॅश १९८३ मध्ये नसून असल्यासारखा वाटत होता, तो 'व्हाइट लाइन्स'मध्ये खराखुरा आला तो थेट १९९५ च्या नकलेत.

मॅग्वायर तोवर चित्रकार झाला होता. खोलीचा एकच कोपरा आणि त्यात सरमिसळ होणारी शेकडो, हजारो वर्षं, अशी 'हिअर' नावाची सहा पानी चित्रकथा त्याने १९८९ मध्ये केली. २०१४ मध्ये तिचं पुस्तक झालं, २०२४ मध्ये टॉम हँक्सला घेऊन सिनेमा. एक जागा धरून बसायचं आणि काळ तिच्यावरून जाऊ द्यायचा, ही युक्ती त्याने कागदावर आणायच्या आधी बेसवर करून पाहिली होती, असं 'कॅव्हर्न' ऐकताना वाटतं. लिक्विड लिक्विडही पुन्हा एकत्र आले. २ एप्रिल २०११ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एलसीडी साउंडसिस्टम या बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला, त्याची सुरुवात त्यांनी केली.

तिन्ही ध्वनिमुद्रणं आज फोनवर मिळतात. पदाच्या डोक्यावरची राहिलेली ओळ तेवढी इथे छापतो.

व्हाइट लाइन्स. चाल: 'कॅव्हर्न', लिक्विड लिक्विड, १९८३.